कपाटातली शाल आणि आत्याचा बाळंतविडा

पत्र : काकू, मी नाशिकला राहते, शाळेत शिकवते. विणकाम आजीकडून शिकले. दोन वर्षांपूर्वी वहिनीसाठी मेरिनो लोकरीची जाळीची शाल विणली, माझ्या आवडत्या मोरपिशी रंगात. चार महिने लागले. या दसऱ्याला ठाण्याला त्यांच्या घरी गेले, तर शाल कपाटात तशीच, मी दिलेल्या पिशवीत. मी काही बोलले नाही, पण परतीच्या गाडीत रडू आलं. आता वहिनीला दिवस गेले आहेत, जानेवारीच्या मध्यावर तारीख आहे, बाळंतपणाला ती नागपूरला माहेरी जाणार. बाळंतविडा माझ्या हातचा असावा अशी फार इच्छा आहे, पण पुन्हा तसंच झालं तर? लोकर कोणती घेऊ, काय विणू? इंटरनेटवरचा एक नमुना बघून टोपी विणली, ती वर्षाच्या मुलाला होईल एवढी मोठी झाली. शिवाय बाबांना कानटोपी आणि शिकागोच्या मैत्रिणीला मफलर द्यायचा आहे. आणि शाळेतली एक सहकारी 'लोकरीचे पैसे देते, मला एक स्वेटर विणून दे' म्हणून मागे लागली आहे.
– होऊ घातलेली आत्या

प्रिय आत्याबाई,

तू मला काकू म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'माझ्या आवडत्या मोरपिशी रंगात' या चार शब्दांपाशी थांबले. वहिनीला कोणता रंग आवडतो, हे पत्रात कुठेच नाही. ती काय नेसते, कशाने कामाला जाते, तिच्या घरी कपडे कोण धुतं, तेही नाही. यात दोष काढायचा नाही मला. मीही वर्षानुवर्षं अशीच विणत आले. वीण आवडली, लोकर हाताला गोड लागली की घेतल्या सुया. घेणारं माणूस शेवटी आठवायचं, घडी घालताना.

ती शाल ठाण्यात कधी पांघरायची, सांग बरं. तिथे शाल लागावी अशी थंडी वर्षातून मोजके दिवस पडते, तीही पहाटेपुरती. लग्नकार्यात घ्यावी तर लोकरीची शाल भरजरी साडीवर चढत नाही. लोकलने जाणाऱ्या बाईने जाळीची वीण अंगावर घेतली, तर कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये ती पहिल्याच दिवशी अडकणार. शिवाय मेरिनो हाताने धुवायची, पिळायची नाही, आडवी वाळत घालायची. हे सगळं तू तिला सांगितलं असशील, तर ती घाबरली असेल. नसशील सांगितलं, तर मुळात धुवायची कशी हेच तिला माहीत नसेल. तिने ती पिशवीत ठेवली याचा अर्थ तिने ती टाकली नाही. चार महिन्यांचं काम आपल्या हातून खराब होऊ नये म्हणून लोक वस्तू वापरायच्या थांबतात. आपल्या आया चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवायच्या, तसंच.

एक गोष्ट सांगते. १९६२ च्या युद्धात गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर-मफलर विणले, त्यात माझी आई होती. मी लहान होते. संध्याकाळी ओसरीवर पाच-सहा जणी बसायच्या, कुणाचा गुंडा घरंगळत अंगणात जायचा आणि तो आणून द्यायचं काम माझं. आईने किती विणले ते तिने मोजलं नाही. कुणाच्या अंगात गेले हे तिला कधीच कळलं नाही, कळणारही नव्हतं. पण मनगटाचा काठ ती दोनदा उसवून पुन्हा घट्ट विणायची. तिचं म्हणणं, बाही सैल राहिली तर वारा आत शिरतो. न पाहिलेल्या माणसाच्या मनगटाची तिला काळजी होती. तुझी वहिनी तर तुला रोज फोन करता येईल इतकी जवळ आहे. तेव्हा टाके घालण्याआधी तिच्याशी बोल. आश्चर्याचा धक्का द्यायचा मोह सोड.

आता बाळंतविड्याकडे येऊ, कारण तुझ्याकडे दिवस मोजके आहेत.

आधी बाळ कुठे आणि कधी असणार ते बघ. जानेवारीत नागपूरला पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी मात्र चांगलं ऊन असतं. म्हणजे लोकरीचं काम सकाळ-संध्याकाळपुरतं. मार्चअखेर तिथे उन्हाळा सुरू झालेला असेल, आणि वहिनी बाळाला घेऊन ठाण्याला येईल तेव्हा घामाच्या धारा. थोडक्यात, बाळाच्या अंगावर लोकर चढायला हे दोन-अडीच महिनेच आहेत, आणि त्या काळात बाळ भराभर वाढतं. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांत तो ४२-४३ होतो. तेव्हा लोकरीचं थोडंच विण. एक पुढून उघडणारं जाकीट, दोन टोप्या, दोन मोज्यांचे जोड. बाकीचा वेळ आणि हौस सुती धाग्याच्या दुपट्यात घाल, ते पुढे चार वर्षं पुरेल. ठाण्यात वातानुकूलित खोलीत तेच लागेल.

लोकर कोणती? मेरिनो तूर्त बाजूला ठेव. ती अंगाला खूप मऊ असते हे खरं. लोकरीचा तंतू ३० मायक्रॉनच्या वर जाड झाला की कातडीला टोचतो, आणि मेरिनो त्याच्या खूप खाली असते. (आपल्या दख्खनी मेंढीची लोकर या मापाने जाड आणि राठ. तिची चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी धनगराच्या खांद्यावर पाऊस झेलते. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी लोकर नाही, पण बाळाच्या गालाला ती नको.) मेरिनोची अडचण धुण्याची आहे. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमदा होतो. मग कितीही ओढा, मागे येत नाही. मी भाच्यासाठी विणलेल्या एका पांढऱ्या स्वेटरचं असंच झालं. मशीनमधून बाहेर आला तेव्हा तो बाहुलीला बसला असता. माझ्या मावसबहिणीने फोन करून रडत माफी मागितली. चूक तिची नव्हती, मी तिला चिठ्ठी लिहून दिली नव्हती.

बाळंतिणीच्या घरी दिवसाला किती कपडे धुवायला पडतात! तिथे वहिनीची आई असेल, धुणंवाल्या बाई असतील, मशीन असेल. कुणी तुझी टोपी वेगळी काढून रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवत बसणार नाही, आणि त्यांनी बसूही नये. जे विणशील ते त्यांच्या बादलीत टिकलं पाहिजे. म्हणून जाकीट-टोप्यांसाठी लहान मुलांची म्हणून मिळणारी मऊ अ‍ॅक्रेलिक लोकर घे, ४ प्लाय. लुधियानाच्या वर्धमान, ओस्वाल, गंगा यांच्या लोकरी नाशकातही सहज मिळतील. गुंडा गालावर, मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघ. चरचरला तर दुसरा घे. केस सुटणारी, फुगीर, मोहेरसारखी लोकर कितीही गोड दिसली तरी नको, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात.

अ‍ॅक्रेलिकच्या दोन गोष्टी मात्र वहिनीच्या आईला सांगून ठेव. त्यावर गरम इस्त्री फिरवायची नाही. वीण एकदा चपटी झाली की पुन्हा उठत नाही. आणि ते आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहसा पेट घेत नाही, विस्तवापासून दूर केली की विझते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी, धुरी देण्याची रीत अजून आहे. शेगडी खोलीत असेल तेव्हा हे कपडे बाळाच्या अंगावर नकोत. ही गोष्ट मेरिनोच्या बाजूची आहे, म्हणून सांगितली.

जाकीट-टोप्या-मोज्यांच्या संचाला दीडशे ग्रॅम पुरेल, तरी दोनशे घे. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, बघून घे. शेड नंबर सारखा असला तरी लॉट बदलला की रंगात फरक पडतो. दुकानातल्या दिव्यात तो दिसत नाही, पाठीवरच्या पट्ट्यात दिसतो.

आता तुझी मोठी झालेली टोपी. नमुना अमेरिकेतला असणार, आणि त्यात 'नंबर ६ ची सुई' लिहिलं असणार. तू आपल्याकडची ६ नंबरची सुई घेतलीस. इथेच घोळ झाला. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं. आपली ६ म्हणजे ५ मिलिमीटर, अमेरिकेची ६ म्हणजे ४ मिलिमीटर, आणि ४ मिलिमीटरला आपण ८ नंबर म्हणतो. ४ मिलिमीटरच्या सुईवर डबल निटिंग (४ प्लायपेक्षा थोडी जाड) लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात, ५ वर १८. ७२ टाक्यांची टोपी पहिल्या हिशेबाने ३३ सेंटिमीटर होते, दुसऱ्या हिशेबाने ४०. तुझा हात सैल नाही, नंबर फसवा होता. यापुढे नंबर बघूच नकोस, मिलिमीटर बघ. निलगिरीत बनणाऱ्या पोनीच्या सुया तुझ्याकडे असतीलच, नंबर पुसला गेला असेल तर सुई भोकांच्या मापपट्टीत घालून बघ.

आणि नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय काहीही सुरू करू नकोस. तीस-बत्तीस टाके, बारा-तेरा सेंटिमीटर उंच. तो धू, वाळव, मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोज. न धुता मोजलेला तुकडा खोटं सांगतो, विशेषतः सुती धाग्याचा. हा अर्धा तास जिवावर येतो, मला अजून येतो. पण ११० टाक्यांच्या पाठीत १० सेंटिमीटरला २२ ऐवजी २० टाके आले, की ५० सेंटिमीटरची पाठ ५५ होते. मग उसवताना जातो तो वेळ अर्ध्या तासाचा नसतो.

टोपी अशी विण. ४ प्लाय लोकर, सव्वातीन मिलिमीटरची म्हणजे आपली १० नंबरची सुई, हिशेब १० सेंटिमीटरमध्ये २८ टाक्यांचा. ९० टाके घाल. दोन सुलट दोन उलट असा ३ सेंटिमीटर काठ. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, सुरुवातीपासून १० सेंटिमीटर होईपर्यंत. मग माथा. सुलट ओळीत पहिला टाका विणून 'नऊ सुलट, दोन एकत्र' असं आठ वेळा, शेवटचा टाका सुलट. उलट ओळ टाके कमी न करता उलटच विणून घे. पुढच्या सुलट ओळीत 'आठ सुलट, दोन एकत्र', नंतर सात, नंतर सहा. असं प्रत्येक सुलट ओळीत आठ टाके कमी होत जातील आणि शेवटी सुईवर १० उरतील. त्यातून धागा ओवून घट्ट ओढ, त्याच धाग्याने मागची शिवण घाल. वर गोंडा नको. नाडी तर नकोच नको. गळ्याशी बांधायची कुठलीही दोरी, रिबीन बाळाच्या कपड्यात नको, आजीच्या काळी असायची तरी. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारू दे. बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं, आणि आपल्याकडे गुंडाळण्याची हौस जरा जास्तच आहे.

जाकीट डोक्यावरून घालायचं नको. नवजात बाळाची मान धरून डोक्यातून कपडा घालताना पहिलटकरणीचे हात थरथरतात. छातीचा घेर ४५ सेंटिमीटर धर. वीण साधी, सगळ्या ओळी सुलट. ती ताणते, काठ मुडपत नाही, आणि उलटी-सुलटी सारखीच दिसते. जाळी नको. बाळाची बोटं जाळीत अडकतात. दोन रंगांची नक्षी करायची असेल तर आतून धागे लोंबते ठेवायचे नाहीत, बोटाला तिढा बसला तर बाळ रडतं आणि का रडतं ते कळत नाही. बटणं तीन पुरेत, बारीक, पक्की टाचलेली. टाचून झाली की स्वतः जोर लावून ओढून बघ. मोजे घोट्याला काठ विणूनच बसव.

दुपटं मात्र मनापासून विण. मला त्याची जी पद्धत सर्वांत आवडते ती सांगते, कारण तिला मापच लागत नाही. कोपऱ्यातून सुरुवात करायची. ४ टाके घाल, एक ओळ सुलट विण. नंतर प्रत्येक ओळीत दोन सुलट, धागा सुईवर घेऊन एक टाका वाढव, उरलेले सगळे सुलट. बस, एवढंच. ओळीला एक टाका वाढत जातो आणि कोपऱ्यातून त्रिकोण उमलतो. बाजू हवी तेवढी झाली की कमी करायला लाग. एक सुलट, दोन एकत्र, धागा सुईवर, दोन एकत्र, उरलेले सुलट. पुन्हा ४ टाके उरले की बंद कर. कडेने बारीक भोकांची एक रांग येते, तेवढीच नक्षी. स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेव. अर्धा धागा संपला की कमी करायची वेळ झाली, इतका सोपा हिशेब.

७५ सेंटिमीटर चौरसाला ४ मिलिमीटरच्या सुईवर साडेतीनशे ते चारशे ग्रॅम सुती धागा लागेल. मधल्या ओळीत दोनशेच्या वर टाके येतात, तेव्हा लांब केबलची गोल सुई घे, सरळ सुईवर ते मावणार नाहीत आणि मनगट दुखेल. एकंदर पंचेचाळीस हजारांच्या आसपास टाके होतात. हात मिनिटाला वीस-पंचवीस टाके टाकत असेल, तर तीस ते सदतीस तास. रोज एक तास दिलास तर पाच आठवडे. शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासून उरणारा तास धर, दिवाळीच्या सुट्टीत दोन. बसतं गणित, पण आज उद्या करून बसणार नाही. 'मिल्क कॉटन' म्हणून जो धागा हल्ली सगळीकडे दिसतो, त्याच्या नावावर जाऊ नकोस, वेष्टनावर मिश्रण काय लिहिलंय ते वाच. सुती दुपट्याला शुद्ध सूत हवं, घाम तेच टिपतं. ओलं झालं की ते जड होऊन लांबतं, म्हणून दोरीवर न टांगता आडवं वाळवायचं. आणि हे दुपटं मांडीवर, गाडीत, पाळण्याबाहेर वापरायचं. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नको, ते तोंडावर येतं.

एक गोष्ट मी तुला हात जोडून सांगते. बाळाचे कपडे विणून झाले की ते ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवू नकोस. आपल्या घरांतून ही सवय फार जुनी आहे, कसर लागू नये म्हणून. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं, त्यांना या गोळ्यांचा नुसता वास लागलेल्या कपड्यांनीही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. कुणाच्या बाळाला ते कमी आहे हे आधी चेहऱ्यावरून कळत नाही. अ‍ॅक्रेलिकला आणि स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्याला कसर तशीही सहसा लागत नाही. धुऊन, कडक उन्हात न टाकता वाळवून, जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात बांधून ठेव. वहिनीच्या माहेरीही ठेवणीतली झबली-टोपडी निघतील, तर त्यांनाही सांग. अवघड वाटलं तर माझं नाव पुढे कर.

विडा कधी द्यायचा, हेही विचारून घे. काही घरांत बाळ येण्याआधी नवीन कपडे घरात आणत नाहीत. वहिनीच्या आईला तसं वाटत असेल तर तू बारशाला ने. आत्याचा मान तुझाच, कानात नाव तू सांगणार. फक्त तोवर टोप्या लहान झालेल्या असू नयेत, म्हणून एक टोपी ९० ऐवजी ९८ टाक्यांची घाल, माथ्याला पहिल्या ओळीत दहा सुलट धर आणि तिथून खाली मोजत ये. बरोबर एक चिठ्ठी बांध, त्यावर धागा कोणता आणि धुवायचं कसं ते दोन ओळींत लिही, उरलेल्या धाग्याची छोटी गुंडी आणि एक जादा बटण त्याच चिठ्ठीला टाच. चिठ्ठीत 'मशीनमध्ये टाकलं तरी चालेल' असं ठळक लिही. त्या एका वाक्याने कपडा कपाटातून बाहेर येतो.

आणि तुझी हौस एवढ्याने भागणार नाही हे मला दिसतंय, म्हणून पुढच्या वर्षीचं एक काम सांगून ठेवते. पुढच्या संक्रांतीला बाळ वर्षाचं होईल. बोरन्हाण असेल, हलव्याचे दागिने असतील, आणि अंगात काळं हवं. ते काळं झबलं किंवा जाकीट तू विण. वर्षाच्या बाळाच्या मापाचं, मऊ सुती धाग्यात, काठाला पांढऱ्या टाक्यांची एक ओळ, तिळासारखी. तोवर बाळाचं अंग, त्याचा रंग, त्याला काय टोचतं, सगळं तुला माहीत झालेलं असेल. काळा धागा रात्रीच्या दिव्यात दिसत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी बसून विण. गणपतीनंतर सुरुवात केलीस तरी चालेल.

बाकीचं भराभर. बाबांची कानटोपी यंदाच कर, नाशकाची थंडी थट्टा नाही, निफाडचा पारा किती उतरतो ते तुम्ही दरवर्षी वाचता. लोकर आणि अ‍ॅक्रेलिकचं मिश्रण घे. कपाळावर येणारा काठ टोचणार नाही ना, ते त्यांच्या कपाळाला लावूनच बघ, आणि कानावरचा भाग दुहेरी कर. शिकागोच्या मैत्रिणीला खरी लोकर दे, तिथे ती कारणी लागेल, पण मशीनमध्ये धुता येणारी, खवले बसवून टाकलेली मेरिनो मिळते ती घे. दीडशे-दोनशे ग्रॅम, एक सुलट एक उलट, रंग तिला विचारून. तिचा कोट कोणत्या रंगाचा आहे हे विचारलंस तरी पुरे.

सहकारी बाईंना नाही म्हण. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर आणि साठ-सत्तर तास लागतात. त्या लोकरीचे पैसे देताहेत, तासांचे नाही, आणि तासांचे मागायची तुझी जीभ उचलणार नाही. 'यंदा भाचरासाठी विणतेय, सुया मोकळ्या नाहीत' एवढं सांग, ते खरंच आहे. खरोखर आवड असेल तर मधल्या सुट्टीत त्यांना टाके घालायला शिकव. विणायला लागल्या की स्वेटर फुकट मागायचं त्या आपोआप थांबतील.

राहिली शाल. तिचा विषय काढायला तुला भीती वाटते, पण यंदा तो काढायला चांगलं निमित्त आहे. वहिनीला आयुष्यात पहिल्यांदा शालीची गरज पडणार आहे. जानेवारीची नागपूरची पहाट, अर्धवट झोपेत उठून बाळाला पाजायला बसलेली बाई, पाठीवर काहीतरी हलकं आणि उबदार हवं. जाळीची मेरिनो त्याला अगदी योग्य, फक्त तिच्या खांद्यावर, बाळाला गुंडाळायला नाही. तेव्हा आज रात्री तिला फोन कर. आधी तब्येत विचार. मग विचार की बाळासाठी विणतेय तर रंग कोणते आवडतील, माहेरी कपडे मशीनमध्ये धुतात की हाताने, आणि बाळ येण्याआधी आणलेलं चालेल का. आणि शेवटी म्हण, 'वहिनी, ती मोरपिशी शाल नागपूरच्या बॅगेत टाक. मळली तर मळू दे, मी धुऊन देईन.'

तुझी,
काकू